केशवराव भोसले नाट्यगृह : रंगभूमी आणि आखाड्याचा शेजार

कोल्हापूर - नाटकाची तिसरी घंटा आणि कुस्तीच्या हलगीचा कडकडाट एकाच परिसरात ऐकू यावा, असे भाग्य फार थोड्या शहरांना लाभते. कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृह आणि पाठीमागचे खासबाग मैदान यांचा हा शेजार योगायोगाने जुळून आलेला नाही. त्यामागे राजर्षी शाहू महाराजांची दृष्टी होती.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त १९०२ मध्ये महाराज युरोपला गेले. त्या दौऱ्यात रोममधील प्राचीन क्रीडागाराने ते प्रभावित झाले. त्यातूनच खासबागेत मध्यभागी हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक, अशी रचना साकारली. कोठेही बसले तरी लढत स्पष्ट दिसावी, हा त्यामागचा हेतू. मैदानालगतच ९ ऑक्टोबर १९१३ रोजी नाट्यगृहाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' उभे राहिले. मल्ल आणि नट या दोघांनाही राजाश्रय देणाऱ्या संस्थानाची ही जणू दगडी साक्षच होती.

१९५७ मध्ये या वास्तूला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, नाट्यगृहाला भीषण आग लागली. छप्पर, रंगमंच आणि आसने भस्मसात झाली. मैदानाच्या बाजूच्या रंगपीठालाही झळ बसली. दगडी भिंती मात्र बऱ्याच अंशी तग धरून राहिल्या.

वास्तू पूर्वी होती तशीच उभी राहावी, असा आग्रह रंगकर्मींनी धरला आणि पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. आधुनिक ध्वनियोजना व अग्निसुरक्षा आवश्यकच आहे. तथापि, नाट्यगृह आणि मैदान यांचा एकत्र विचार झाला, तरच शाहूकालीन वारसा खऱ्या अर्थाने जपला जाईल. केवळ नवे सभागृह उभारल्याने तो परत मिळणार नाही.