वप्पमंगल : नांगराचा सण आणि श्रमाचा मान

पालि अट्ठकथांमध्ये ‘वप्पमंगल’ नावाच्या एका उत्सवाचा उल्लेख येतो. ‘वप्प’ म्हणजे पेरणी. वप्पमंगल म्हणजे पेरणीचा मंगलदिन. जातकट्ठकथेच्या निदानकथेत त्याचे सविस्तर वर्णन आहे. त्या दिवशी नगर शृंगारले जाते, हजार नांगर जुंपले जातात, अमात्य रुप्याचे नांगर आणि राजा शुद्धोदन सोन्याचा नांगर धरतो. दाया उत्सव पाहण्यात गुंततात आणि जांभळीखाली एकटा राहिलेला बालक सिद्धार्थ प्रथम ध्यानात प्रवेश करतो. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात मात्र एवढेच आहे की, शाक्य पित्याचे काम चालू असताना जांभळीच्या शीतल छायेत आपण प्रथम ध्यान अनुभवले, असे तथागत सांगतात. सोने, रुपे आणि हजार नांगर हा उत्तरकालीन विस्तार होय.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हा उत्सव घेतला, पण त्याचा भर बदलला. तेथे प्रत्येक शाक्याने त्या दिवशी स्वतः नांगर धरावा अशी प्रथा आहे. सिद्धार्थही ती पाळतो आणि विद्वान असूनही शारीरिक श्रमाला कमी लेखत नाही. शेतावर राबणारे मजूर पाहून, कष्ट एकाने करावे आणि फळ दुसऱ्याने घ्यावे हे न्याय्य कसे, असा प्रश्न तो मित्रापुढे ठेवतो. राजाच्या हातातील शोभेचा नांगर आणि प्रत्येकाच्या हातातील कामाचा नांगर, हा तो फरक आहे. कोणत्याही ऋतुप्रथेची पारख करताना तो ध्यानात ठेवला पाहिजे.

या दृष्टीने चीनचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे सौरवर्षाचे चोवीस ऋतुविभाग पाडून शेतीची कामे ठरवण्याची पद्धत प्राचीन आहे; २०१६ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. फेब्रुवारीच्या आरंभी ‘लीछुन’ म्हणजे वसंतारंभ, एप्रिलच्या आरंभी पूर्वजांच्या स्मरणाचा ‘छिंगमिंग’ आणि त्यानंतर धान्याला पोषक पावसाचा ‘कूयू’. वसंतात सम्राट स्वतः नांगर धरून काही तास ओढी. बीजिंगमधील कृषिदेवतेच्या वेदीचा परिसर आजही त्याची साक्ष देतो. परंतु सम्राटाचे तास संपले की नांगर पुन्हा शेतकऱ्याच्याच हाती येई. तो निदानकथेतील सोन्याचाच नांगर होता.

श्रमाचा खरा अर्थ चीनमध्ये बौद्ध विहारांनी ओळखला. विनयानुसार भिक्षूने जमीन खणणे हे पाचित्तिय आहे. तरीही तांग काळातील ध्यान-संप्रदायाचे आचार्य पायचांग (इ.स. ७२०–८१४) यांनी शेतातील सामूहिक श्रम विहाराच्या नियमात आणले, असे परंपरा सांगते. वृद्धपणी शिष्यांनी त्यांची अवजारे लपवली, तेव्हा काम नाही म्हणून त्यांनी अन्नही नाकारले, अशी कथा आहे. चहाचा प्रसारही या विहारांतून झाला. ध्यानसमयी झोप आवरावी म्हणून भिक्षू चहा घेत. विहारांच्या उतारांवर चहाचे मळे उभे राहिले आणि संघाने एकत्र बसून चहा घेण्याचे नियम ठरले. छिंगमिंगपूर्वी खुडलेली कोवळी पाने आजही तेथे श्रेष्ठ मानली जातात.

आता आपल्या घोटी परिसराकडे पाहू. इगतपुरी तालुक्याचा हा भाग भाताचा. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, मृगाच्या सुमारास रोपे टाकायची, पाऊस लागला की खाचरांत चिखलणी करून आवणी करायची, हा येथील क्रम. ही बांधबंदिस्त खाचरे पाहताना विनयपिटकातील चीवरक्खन्धक आठवावा. मगधातील शेतांची चौकोनी मांडणी, त्यांचे लांब-आखूड बांध आणि बांध मिळतात ते चौक तथागतांनी आनंदांना दाखवले व तशा आकाराची चीवरे करता येतील का, असे विचारले. आनंदांनी ती बेतून दिली. म्हणजे भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र हा शेताचाच नकाशा आहे. चीनमध्येही चीवराला ‘पुण्यक्षेत्राचे वस्त्र’ म्हणतात. वर्षावासाचे मूळही शेतीशी निगडित आहे: पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवे अंकुर तुडवतात, अशी लोकांची तक्रार महावग्गात नोंदलेली आहे.

घोटीहून नाशिककडे जाताना लागणाऱ्या त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक ३ च्या लेण्यात आणखी एक पुरावा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने अठराव्या राज्यवर्षी तेथील भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिले. चोविसाव्या वर्षाचा लेख सांगतो की, ते गाव वसलेले नाही आणि शेत कसले जात नाही. म्हणून नगरसीमेवरील शंभर निवर्तने दिली आहेत. राजाज्ञा झाली, दान शिळेवर कोरले गेले. पण कसणारा हात नसेल तर दानाचे धान्य होत नाही.

आणि आपल्या समाजाचा प्रश्न याच्या नेमका उलट राहिला : कसणारे हात होते, शेत नव्हते. वतनाच्या बदल्यात गावची राबणूक आणि खळ्यावर मागून घ्यायचे बलुते, ही आपली ‘कृषिपरंपरा’. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. नाशिक जिल्ह्याचेच दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला वप्पमंगलाचे कौतुक सांगणे पुरेसे नाही.

मग धम्माचा स्वीकार केल्यावर शेतीच्या प्रथा सरसकट टाकाव्यात काय? तसे नाही. दीघनिकायातील कूटदन्तसुत्त कसोटी देते. पुरोहित राजाला सांगतो की, दंडाने नव्हे, तर शेतकऱ्याला बी-बियाणे आणि व्यापाऱ्याला भांडवल दिल्याने राज्य सुरक्षित होते. आणि त्याच्या आदर्श यज्ञात एकही पशू मारला जात नाही. शिवाराच्या नावाने कोंबडे-बकरे कापणारी प्रथा या कसोटीवर टिकत नाही. आवणीला एकमेकांच्या खाचरात उतरण्याची प्रथा टिकते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आवणीच्या आरंभी विहारात वंदना झाल्यावर उपासक-उपासिकांनी आपल्यातील एखाद्या विधवेच्या वा वृद्धाच्या खाचरात दिवसभर काम करावे. नोकरीनिमित्त शहरात गेलेल्या शिक्षितांनीही त्या दिवशी चिखलात उतरावे. चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते का, हे त्याच दिवशी विचारावे. बांधावर चहा येईल तो सर्वांना एकाच प्रकारच्या कपात द्यावा. वेगळ्या कपबशीची आठवण ज्यांच्या मनात अजून ताजी आहे, त्यांना त्या चहाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.