दोन्ही हात खोबणीत, पाणी पाठीवर

त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर गडाच्या कातळकोरीव पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत अडकलेले असतात. सॅकच्या कडेच्या खिशातली बाटली तिथे काढता येत नाही आणि मागे रांग असल्याने थांबताही येत नाही. त्यामुळे अनेक जण थेट माथ्यावर पोहोचल्यावरच घटाघटा पाणी पितात. ऑक्टोबरच्या उन्हात हा उशीर अंगाशी येतो. घामावाटे पाणी गेल्याने हृदयाचे ठोके वाढतात, डोके दुखू लागते, उतरताना पाय लटपटतात. आणि हरिहरवर पाय लटपटणे म्हणजे काय, हे तिथे खाली पाहिलेल्याला सांगायला नको.

नळीने पाणी पिण्याच्या सॅकचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या १०० मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, मोज्यात घातली आणि पाठीवर लावली. नळी खांद्यावरून तोंडाशी. बस्स.

नाशिकच्या आसपासच्या एका दिवसाच्या ट्रेकसाठी दोन लिटरची पिशवी आणि आठ ते बारा लिटरची सॅक पुरते. उन्हात चढताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते; घाम जास्त येणाऱ्याला अधिक. मोठ्या सॅकचा मोह टाळावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, शिवाय हरिहरच्या दरवाजापुढे कातळाखालून वाकून जाताना फुगलेली सॅक घासते. छातीवरचा पट्टा मात्र हवाच.

बाकीचे बदल सॅक दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेता येतात. लोंबणारी नळी कुठेही अडकू शकते, म्हणून खांद्याच्या पट्ट्यावर वेल्क्रोच्या दोन पट्ट्या शिवून ती बसवावी. उन्हात नळीतले पाणी तापते. तिच्यावर जुन्या कापडाची बाही चढवली की पुरे. पिशवी भरल्यावर उलटी धरून आतली हवा ओढून घेतली, तर पाणी डुचमळत नाही.

या सोयीची एक खोट आहे: पाणी किती उरले ते दिसत नाही. माथ्यावर सॅक उघडून पिशवी बघावी आणि अर्धा लिटरची बाटली वेगळी ठेवावी. ओआरएस त्या बाटलीतच, पाकिटावर लिहिलेल्या मापाने कालवावे. नुसते पाणी तहान नसताना ढोसत राहिल्यास रक्तातले सोडियम घटू शकते, आणि तेही धोक्याचेच. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सरबत पिशवीत कधीच भरू नये. साखरेमुळे नळीत बुरशी धरते आणि ती सहजी निघत नाही. गडावरच्या टाक्यातले न गाळलेले पाणीही त्यात नको. घरी आल्यावर पिशवी, नळी आणि तोंडाची झडप वेगळी करून कोमट पाण्याने धुवावी. पिशवीच्या आत वाटी किंवा चमचा आडवा ठेवून तिचे तोंड उघडे राहू द्यावे, म्हणजे ती पुढच्या रविवारपर्यंत खडखडीत वाळते.