नाताळची सजावट: वस्तू जुन्या, गोष्ट नवी

इ.स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात टर्टुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक आपल्याच धर्मबांधवांवर भडकला होता. निमित्त होतं दारावरचे दिवे आणि लॉरेलच्या पानांची तोरणं. रोमन लोक सणासुदीला आणि सम्राटाच्या सन्मानार्थ घरांची दारं अशी सजवत, आणि ख्रिस्ती मंडळीही हौसेनं तेच करू लागली होती. आता तर मूर्तिपूजकांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर दिवे-पानं जास्त दिसतात, असा त्याचा टोमणा होता. आज डिसेंबरात बहुतेक चर्चच्या दारांवर हिरव्या पानांचं कडं आणि दिव्यांच्या माळा असतात. टर्टुलियन ही लढाई सपशेल हरला. तो का हरला हे पाहिलं, तर नाताळच्या सजावटीत ख्रिस्ती अर्थ येतो कुठून, याचाही उलगडा होऊ लागतो.

नाताळ जवळ आला की दोन तऱ्हेचे मजकूर फिरू लागतात. एकात ठासून सांगितलेलं असतं की झाड, दिवे, भेटी, इतकंच काय तारीखसुद्धा मूर्तिपूजकांकडून उचललेली. त्यात ख्रिस्ती असं काहीच नाही. दुसऱ्यात प्रत्येक वस्तूत एक गुप्त संकेत सापडतो: हॉलीची टोकदार पानं म्हणजे ख्रिस्ताचा काटेरी मुगुट, तिची लाल फळं म्हणजे रक्त, आणि वाकड्या मुठीची पेपरमिंटची कांडी म्हणजे येशूच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर. हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांची समजूत एकच आहे. अर्थ वस्तूच्या उगमातच दडलेला असतो आणि तो शोधून काढला की निकाल लागला, असं दोघांनाही वाटतं. मला ते पटत नाही. वस्तू आली कुठून, यापेक्षा ती कुठल्या गोष्टीत बसवली गेली आणि ती गोष्ट मानणारी माणसं त्या वस्तूपाशी काय करतात, यावर तिचा अर्थ ठरतो. तारखेचंच पाहा. रोममधल्या ३५४ सालच्या पंचांगात २५ डिसेंबरला ‘अजिंक्य’ देवाचा म्हणजे सूर्यदेवाचा जन्मदिवस नोंदलेला आहे आणि बेथलेहेममधला ख्रिस्तजन्मही. कुणी कुणाकडून घेतलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण समजा, तारीख आधी सूर्याचीच होती. तरी मध्यरात्रीच्या मिस्सेला निघालेला वसईचा माणूस सूर्यपूजेला चाललेला नसतो.

ही देवघेव चोरून झाली असंही नाही. ६०१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या धर्मप्रसारकाला लिहिलेलं पत्र बीड या इतिहासकारानं जपून ठेवलं आहे. देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, असं त्यात सांगितलं आहे. लोक बैल कापून उत्सव करत असतील तर जेवणावळी चालू द्या, फक्त त्या आता देवाचे आभार मानण्यासाठी होऊ द्यात. चर्चभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडवही घालू द्यात. जुनी रीत ठेवायची आणि तिचं कारण बदलायचं, हे धोरण इथं स्वच्छ शब्दांत मांडलेलं आहे. मराठीला याची ओळख नवी नाही. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. छंद ओवीचा, साचा पुराणाचा आणि कथा बायबलची. त्यातली ओवी मूळची ख्रिस्ती नव्हती म्हणून ते काव्य ख्रिस्ती नाही, असं कुणी म्हणत नाही. मग फांदीलाच वेगळा न्याय का?

आता झाडाकडे येऊ. मध्ययुगीन युरोपच्या पंचांगात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस होता. त्या सुमाराला त्यांच्या पतनाची नाटकं होत आणि एदेन बागेतलं झाड म्हणून रंगमंचावर फळं टांगलेलं झाड उभं करत. जर्मन मुलखात ऐन डिसेंबरात पानं टिकवून असणारं झाड म्हणजे सूचिपर्णी फर. हे झाड पुढे घरात आलं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. स्ट्रासबुर्गमधल्या १६०५ सालच्या एका वर्णनात दिवाणखान्यात उभी केलेली फरची झाडं आहेत, आणि त्यांवर काय टांगलं होतं याची यादीही आहे: रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापुद्र्यासारख्या भाकरी, सोनेरी वर्ख आणि साखरेचे जिन्नस. या यादीत सफरचंद आणि पातळ भाकरी शेजारी-शेजारी आहेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे फळ खाऊन माणूस बागेबाहेर गेला, असं लोक मानत, ते एका फांदीवर; आणि मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून वाटल्या जाणाऱ्या भाकरीसारखी भाकरी दुसऱ्या फांदीवर. म्हणजे पतन आणि तारण एकाच झाडावर. झाड मांडणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या मनात हे होतं, असा दावा मी करणार नाही. पण २४ तारखेला आदाम-हव्वा आणि लगेच दुसऱ्या दिवशी ख्रिस्तजन्म, अशा क्रमात वाढलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे सफरचंदांच्या जागी थुरिंगियातल्या लाउशा गावचे फुंकून केलेले काचेचे गोळे आले, आणि लाल गोळा कशाच्या जागी लटकतो आहे हे लोक विसरले. तरी गोळा तिथेच लटकतो आहे.

या झाडाला आणखी दोन जन्मकथा चिकटल्या आहेत. आठव्या शतकात संत बोनिफास यांनी जर्मनीत डोनार देवाचा ओक तोडला, ही घटना जुन्या चरित्रात आहे. त्या जागी फरचं रोप दिसलं, ही मात्र नंतरची भर. मार्टिन ल्यूथरनं ताऱ्यांनी भरलेलं आभाळ पाहून झाडावर मेणबत्त्या लावल्या, ही गोष्ट तर एकोणिसाव्या शतकातली चित्रं छापून-छापून पसरली. गंमत म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यात स्ट्रासबुर्गचाच ल्यूथरपंथी धर्मपंडित डानहाउअर या झाडांना पोरखेळ म्हणत होता. देवाचं वचन सोडून मुलांना बाहुल्या-साखरेत कशाला गुंतवता, हा त्याचा सवाल. कडव्या टीकाकारांपाशी याहून मोठं हत्यार आहे: यिर्मयाच्या ग्रंथाचा दहावा अध्याय, जिथं रानातून लाकूड तोडून त्यावर सोनं-चांदी मढवणाऱ्यांची टर उडवली आहे. पण तो उतारा पुढे वाचला तर सुतारानं घडवलेली आणि डळमळू नये म्हणून खिळ्यांनी ठोकलेली मूर्ती समोर येते. राग झाडावर नाही, लाकडालाच देव मानण्यावर आहे; आणि नाताळच्या झाडापुढे हात कुणी जोडत नाही.

अर्थ गोष्टीनं आणि कृतीनं ठरतो, हे तत्त्व गव्हाणीच्या देखाव्यात अधिक उघड दिसतं, कारण तिथं उगम ठाऊक आहे आणि हेतूही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी डोंगरकड्यापाशी गवत भरलेली गव्हाण मांडायला लावली आणि खरे बैल-गाढव आणून बांधले. पाच-सहा वर्षांतच लिहिलेलं चेलानोच्या तोमासचं वर्णन वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. तिथं बाळाचा पुतळा नव्हता, आणि मिस्सा त्या गव्हाणीवरच झाली. जनावरांच्या चाऱ्याची जागा वेदी झाली. आणि पवित्र भाकरी जिथं वाटायची तिथंच खाली गवत. गरिबी आणि अन्न, दोन्ही एका मांडणीत आलं. बैल-गाढवाचा उल्लेख शुभवर्तमानांत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. ती जोडी आली यशयाच्या पहिल्या अध्यायातून. जनावरं धन्याला ओळखतात आणि देवाचे लोक मात्र ओळखत नाहीत, अशी तक्रार तिथं आहे. म्हणून चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवरही बाळाशेजारी ती कोरलेली दिसतात. गोव्यातल्या घरांत या गोठ्यासाठी काही दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरतात आणि नाताळपर्यंत कोवळ्या हिरव्या कोंबांचं शेत तयार होतं. घटस्थापनेच्या मातीत उगवणारं धान मराठी वाचकाला लगेच आठवेल. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातही ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू रुजवतात. कोंब सारखेच असले तरी ते कुठे ठेवले आहेत ते पाहावं लागतं.

चांदणी आणि मेणबत्त्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं वाद कमी आहे. बेथलेहेमचा तारा मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातलाच आहे. जर्मनीतली अनेक टोकांची मोरावियन चांदणी १८३०च्या दशकात नीस्की इथल्या शाळेत भूमितीच्या पाठातून जन्मली. गोव्यात बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद आले, आकाशकंदिलाला लागतात तेच. नाताळआधीच्या आगमनकाळातलं चार मेणबत्त्यांचं कडंही वाटतं तितकं पुराणं नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न हे पाद्री गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडत, तेव्हा त्यांनी गाडीच्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. या कड्याचा उगम मूर्तिपूजेत शोधणाऱ्यांना इथं एक चाक आणि उतावीळ पोरं तेवढी सापडतील.

आणि ती पेपरमिंटची कांडी? जुन्या चित्रांत ती नुसती पांढरी दिसते, लाल पट्टे बरेच उशिरा आले, आणि कुण्या मिठाईवाल्यानं येशूच्या नावासाठी ती घडवल्याचा पुरावा नाही. इथं कुणी मला पेचात पकडू शकेल: अर्थ वापरानं ठरतो ना, मग रविवारच्या शाळेत ती कांडी दाखवून येशूची गोष्ट सांगितली की झाली ती ख्रिस्ती! काही अंशी हो. पण शिक्षिकेनं ‘ही आपण अशी समजू’ म्हणणं वेगळं आणि ‘ती यासाठीच बनवली होती’ म्हणणं वेगळं. पहिला अर्थ आहे, दुसरी थाप. शिवाय त्या कांडीपाशी कुणी काही करत नाही, चघळण्याखेरीज. गव्हाण नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात, मेणबत्ती दर रविवारी एक जास्त पेटवतात. कृतीनं रुजलेला अर्थ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

हाच निकष भेटींना लावला की प्रकरण अवघड होतं. भेटींचं मूळ म्हणून सहसा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळापुढे ठेवलेलं सोनं, ऊद आणि गंधरस सांगतात. ते तिघे होते असं मत्तय म्हणत नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली, आणि राजे तर ती आणखी नंतर झाली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियस या ख्रिस्ती लेखकानं या तीन वस्तूंचा अर्थ लावला: सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, आणि प्रेताला लावायचा गंधरस मरणाऱ्या माणसासाठी. अर्थ लावायचा तर यापेक्षा नेटका लावता येणार नाही, पण या कथेत ज्ञानी लोकांनी एकमेकांना काहीच दिलेलं नाही. परस्परांना भेटी देण्याची चाल रोमन नववर्षाची, आणि तिच्यावर ख्रिस्ती धर्मगुरू सुरुवातीपासून तुटून पडले होते. इ.स. ४००च्या सुमारास अमासियाच्या अस्टेरियसनं भर प्रवचनात सांगितलं की या सणात देणाऱ्याची नजर परतफेडीवर असते आणि भेटी गरिबाकडून वर, बड्या लोकांकडे वाहत जातात. त्याच काळात ऑगस्टीन १ जानेवारीच्या प्रवचनात सांगत होते की मूर्तिपूजक नववर्षाच्या भेटी देतात, तर तुम्ही भिक्षा द्या. फांद्यांच्या मांडवांबाबत आणि जेवणावळींबाबत चर्चनं रीत ठेवली आणि कारण बदललं. भेटींच्या बाबतीत मात्र रीतच उलटी करायला सांगितली, आणि बहुतेकांनी ते ऐकलं नाही.

जिथं ऐकलं, तिथं संत निकोलस उभे आहेत. चौथ्या शतकातले हे मायराचे बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांच्या कथेत एका बापापाशी तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नाहीत आणि मुलींवर देह विकायची पाळी येणार आहे. निकोलस रात्री खिडकीतून सोन्याची पुरचुंडी टाकतात, असं तीन वेळा. शेवटच्या खेपेला बाप त्यांना धावत जाऊन गाठतो, तेव्हा कुणाला सांगायचं नाही असं वचन ते त्याच्याकडून घेतात. देणारा दिसत नाही, म्हणून परतफेड करायची कुणाला, हा प्रश्नच उरत नाही. सांता क्लॉज रात्री गुपचूप येतो तो याच कथेमुळे. बाजारानं हे सगळं विटाळलं, ही तक्रार नेहमीची, पण बाजार काल आलेला नाही. न्यूरेम्बर्गच्या प्रसिद्ध नाताळबाजाराचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे फुलं रंगवलेली एक लाकडी डबी. ती त्या बाजारातून भेट म्हणून पाठवल्याचं तिच्यावर लिहिलं आहे, साल १६२८.  घरच्यांनी एकमेकांना प्रेमानं काही द्यायला माझी हरकत नाही. फक्त त्याला ज्ञानी लोकांचं नाव देताना इतकं ध्यानात असावं की त्यांनी परतताना हातात काही नेलं नाही.

गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका अशा गोड पदार्थांचं ताट शेजारी-नातेवाइकांकडे जातं. त्याला कोंसुआद म्हणतात. हिंदू शेजाऱ्यांकडे गेलेलं ताट चतुर्थीला परत भरून येतं, तेव्हा अस्टेरियसचा आक्षेप यालाही लागू पडतो, हे मान्य करायला हवं. पण ज्या घरात त्या वर्षी कुणी वारलेलं असतं तिथं गोडधोड करत नाहीत, आणि त्या घराकडे ताट आठवणीनं जातं. तिथून त्या नाताळला काही परत येणार नाही हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं. दुःखात असलेल्या मराठी घरी दिवाळीचा फराळही असाच शेजारून येतो, मग ही रीत ख्रिस्ती कशी, असं कुणी विचारील. रीत इथलीच असेल, त्यात वावगं काय? भेटीबद्दल ऑगस्टीननं जे मागितलं होतं, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी तीच आहे; रंगीत कागदात गुंडाळून झाडाखाली ठेवलेल्या खोक्यांपेक्षा कितीतरी जवळ.