एकच काडी काढा, गठ्ठे कितीही करा

दशक-एकक शिकवताना काड्यांचे गठ्ठे लागतातच. पण कार्यपत्रिकेत दरवेळी २३ किंवा ४७ काड्या कोण काढत बसणार? मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये एकच काडी काढा, ती निवडून ऑल्ट आणि डी दाबा. क्लोन तयार होतो. तो मूळ काडीवरच बसतो, म्हणून बाजूला ओढून घ्या. दहा झाल्या की ग्रुप करा, झाला गठ्ठा! पुढे मूळ काडीचा रंग बदलला की सगळ्या बदलतात. साध्या कॉपी-पेस्टमध्ये हे होत नाही.

फाइलला 'काड्यांचा गठ्ठा' असंच नाव द्या. 'नवीन १' नावाची फाइल वर्षभराने सापडत नाही हो.

खरी गंमत फाइल दुसऱ्याला पाठवताना होते. समोरच्याकडे आपला फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचं तर नुसतं गिचमिड दिसतं. त्यामुळे 'मुक्ता'सारखा मोफत युनिकोड फॉन्ट वापरा आणि तोही सोबत पाठवा. बाहेरचा फोटो घेतला असेल तर आयात करताना 'एम्बेड' निवडा, नाहीतर तिकडे रिकामी चौकट दिसेल.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरची चित्रं घेतलीत तर चित्रकाराचं नाव आणि परवाना खाली लिहाच.

आमच्या बिबवेवाडीतले बरेच पालक फाइल मोबाइलवरच उघडतात. त्यांना पीडीएफ पुरे, शिक्षकांना मात्र मूळ एसव्हीजी द्या.