फुलतो, पण फळत कां नाही?

मंडळी, कुंपणावरचे कृष्णकमळ आपण ओळखतो. भोवतीचे तंतू कौरव, पाच पुंकेसर पांडव. पॅशन फ्रूटचा वेल त्याच्याच कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. जळगाव-धुळ्याच्या उन्हात जांभळ्या फळाच्या जातीपेक्षा पिवळी बरी टिकते. मात्र पाणी हवेच. पण कधी हा वेल फुलतो आणि फळ धरीत नाही. कारण साधे आहे. पिवळ्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही. म्हणून बियांपासूनचे निदान दोन वेल जवळजवळ लावा. पराग नेतो लाकूड पोखरणारा काळा भुंगा. फूल दुपारी उमलते, तेव्हा औषध फवारू नका. भुंगा येत नसेल, तर एका वेलाचा पराग बोटाने दुसऱ्याच्या फुलाला लावा. गुरुजी, हा धडा मुलांना वेलापाशीच द्या!