गाडी खाली केली, मग चाकांचं काय?

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात आखूड स्प्रिंग लावून गाडी खाली बसवायची म्हटलं, तर आधी स्पीडब्रेकर आठवावा. नियमानुसार गोल उंचवटा 10 सेंटिमीटरचा असतो. छोट्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण 16-17 सेंटिमीटर वर असतं. त्यातले 4 सेंटिमीटर कमी केले आणि आत चार माणसं बसवली की उरतं काय? त्यात काळ्या मातीवरचे रस्ते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि डांबर वरखाली होतं.

खरं नुकसान मात्र टायरचं होतं. गाडी खाली आली की बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांचा माथा आत कलतो; हा कॅम्बर. त्याचबरोबर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलतो आणि चाकांची तोंडं सरळ राहत नाहीत, हा टो. टायर सर्वांत लवकर खातो तो टोच. गाडी उभी करून टायरवर आडवा तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय हे नक्की.

म्हणून स्प्रिंग बदलल्यावर काहीशे किलोमीटर चालवून त्या बसू द्याव्यात आणि मग अलाइनमेंट करून घ्यावी. पुढच्या चाकांचा टो जवळपास सगळ्या गाड्यांत जुळवता येतो. कॅम्बरसाठी अनेक गाड्यांत वेगळे बोल्ट लागतात. मूळची स्प्रिंग कापणं तर मुळीच नको. खड्ड्यात चाक लोंबकळलं की ती जागेवरून निसटू शकते.