जुन्या लेन्स विकण्याआधी हे वाचा 📷

मिररलेस बॉडी घेतली, आता डीएसएलआरच्या लेन्सचं काय?

कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (१९८७) माउंट ते सेन्सर अंतर ४४ मिमी, तर आरएफमध्ये (२०१८) २० मिमी. मधले २४ मिमी अडॅप्टर भरून काढतो. त्यात काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा घसरत नाही. ऑटोफोकसही चालतो.

निकॉनवाल्यांनो, जरा जपून! एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकस मोटर नाही. एएफ-एस लेन्स नीट चालतात, पण जुन्या एएफ-डी हातानेच फोकस कराव्या लागतात.

मग ठरवायचं कसं? काय टिपता त्यावरून.

🔹 नळदुर्गचा किल्ला, पावसाळ्यातला नर-मादी धबधबा, धाराशिव लेणी: ट्रायपॉड लावून निवांत काम. जुनी लेन्स भरपूर झाली.

🔹 येडशी-रामलिंगचे उडते पक्षी: इथे जलद फोकसची नवी लेन्स फरक दाखवते.

🔹 लग्नाचे व्हिडिओ: जुन्या लेन्सच्या मोटरची घरघर माइकमध्ये येते. बदलायचा विचार करा.

सगळा संच एकदम मोडीत काढू नका. सर्वांत जास्त वापरातली लेन्स आधी बदला, तीही एकदा भाड्याने वापरून. तुमच्याकडे कोणती जुनी लेन्स आहे? कमेंटमध्ये सांगा.